पोछा थांबला पाहिजे

सोमवारी दुपारी स्टेज पुसून झालं आणि आम्ही दोघांनी मिळून बादली खाली नेली. थिएटरच्या मागच्या दाराला सहा पायऱ्या आहेत, त्या उतरलं की गटाराची जाळी. घाण पाणी तिथं ओतायचं. माझा गुडघा गेलाय. हाउसआर्ट्स, म्हणजे इथला घरचा डॉक्टर, म्हणतो गुडघा म्हातारा झाला, गोळी घे आणि चालत राहा. म्हणून कडी एका बाजूनं मी धरली, दुसऱ्या बाजूनं मेनीरनी. ते माझ्याहून अकरा वर्षांनी मोठे. दर पायरीला थोडं पाणी त्यांच्या बुटावर सांडत होतं आणि दर पायरीला ते शिवी देत होते. एकच शिवी, सहा वेळा. पाणी ओतलं, बादली उपडी घातली. ते म्हणाले, "उद्या सहा जण आहेत. पाणी कोमट ठेव, कोक."

मग ते त्यांच्या ट्रामकडे गेले, मी माझ्या. मंगळवार काही त्यांनी बघितला नाही.

मेनीर म्हणजे साहेब. त्यांचं नाव मला ठाऊक होतं, पण तीस वर्षांत कधी तोंडातून काढलं नाही, आता कागदावर कशाला काढू? मला ते कोक म्हणायचे, म्हणजे आचारी. द हेगला मी आलो तो आचारी म्हणूनच, वकिलातीतल्या एका साहेबांचा. साहेबांची बदली झाली, मी राहिलो. बायको होती, पोरगी तीन वर्षांची होती. या थिएटरात झाडायपुसायचं काम मिळालं. पहिल्या दिवशी मेनीरनी विचारलं, आधी काय करत होतास? मी म्हणालो, कोक. झालं, पुढं जन्मभर हातात पोछा असूनही मी कोक.

थिएटर लहान. आपल्याकडच्या नाटकाच्या थिएटरासारखं नाही. इथं दर शनिवारी सगळं कालवून असतं: एक जादूगार, मग तीन कुत्री घेऊन एखादी बाई, मग चेंडू झेलणारा, मग बाहुली घेऊन पोटातून बोलणारा, मग कोणी तरी नुसतं शिट्टी वाजवून दाखवणारं. ज्याला दहा मिनिटं लोकांना धरून ठेवता येतं, त्यानं यावं. पण शनिवारी यायचं तर आधी मंगळवारी सकाळी दहाला येऊन मेनीरना दाखवायचं. ते हो म्हणाले तर हो. वर अपील नाही.

आणि दाखवायचं कसं, तर मेनीर स्टेजकडे पाठ करून बसायचे.

स्टेजच्या अगदी कडेला खाली एक लाकडी स्टूल होतं, एका पायानं लंगडं. त्यावर ते रिकाम्या खुर्च्यांकडे तोंड करून बसायचे. मांडीवर पेपर, हातात पेन, शब्दकोडं सोडवत. वर माणूस घामाघूम होऊन सात थाळ्या सात काठ्यांवर फिरवतोय आणि परीक्षक खाली आडवे चार उभे नऊ करतोय. कित्येक जण चिडायचे. एका पैलवानानं तर विचारलं, "तुम्ही बघत का नाही?" मेनीर म्हणाले, "तू कर. बघायचं काम चालू आहे."

निकालाची पण त्यांची रीत होती. वाईट होतं, चांगलं होतं, काही बोलायचे नाहीत. नापास झालेल्याला ते ट्राम सांगायचे. "नऊ नंबर सहा मिनिटांत आहे, धावलास तर मिळेल." पास झालेल्याला म्हणायचे, "शनिवारी जेवून ये." कारण त्यांचं म्हणणं, उपाशी माणूस घाई करतो आणि घाई केली की चेंडू पडतो. तीस वर्षांत मी त्यांच्या तोंडून कौतुकाचा दुसरा शब्द ऐकला नाही. पण ते "जेवून ये" ऐकून रडलेली माणसं मी बघितली आहेत. एक तर दाढीवाला, सहा फुटी.

माझं काम त्या वेळी मधली वाट पुसायचं. मंगळवारी दहालाच पुसायची, आधी नाही, नंतर नाही. मी म्हणायचो, मेनीर, ही माणसं जाऊ देत, मग पुसतो. ते म्हणायचे, "आत्ता." आणि पाणी कोमट पाहिजे. बादलीत स्वतःचं कोपर बुडवून बघायचे, आपल्याकडे बाळाच्या अंघोळीचं पाणी बघतात तसं. गार असलं तर ओतून द्यायला लावायचे. कढत असलं तरी ओतून द्यायला लावायचे. मला वाटायचं, म्हातारा जरा हललेला आहे.

अकरा वर्षं मला तसंच वाटत होतं. मग एका मंगळवारी मी डबा घरी विसरलो आणि आमची ही तो घेऊन आली. वरच्या गॅलरीत उभी राहिली. खाली कोणी तरी चाकू फेकत होतं. काम संपल्यावर मी वर गेलो तर ही हसतेय.

"अहो, तो म्हातारा स्टेजकडे बघत नाही."

"हे सगळ्यांनाच माहीत आहे."

"तो तुमच्याकडे बघतो."

"माझ्याकडे काय बघायचंय? मी काय नाचतोय?"

"तुमच्या हाताकडे बघतो. तुमचा पोछा चालू, तर त्याचं कोडं चालू. मघाशी तुम्ही तोंड वासून थांबलात, तेव्हा त्यानं पेनाला टोपण लावलं. आणि त्या चाकूवाल्याला म्हणाला, ते तुम्ही सांगता ना, जेवून ये, ते. मला डच येत नाही, पण तो माणूस नाचतच बाहेर गेला."

मी म्हणालो, वेडी आहेस. पण पुढच्या मंगळवारी तिरक्या नजरेनं बघितलं, तर खरंच तसं. हिनं पाच मिनिटांत ओळखलं ते मला अकरा वर्षांत कळलं नव्हतं. आणि मग कोमट पाण्याचंही कोडं सुटलं. गार पाण्यानं बोटं ठणकतात, माणूस काम उरकायला बघतो, वर काय चाललंय तिकडे लक्ष देत नाही. कढत पाण्यानं बरं वाटतं, माणूस रेंगाळतो, कशासाठीही थांबतो. कोमट म्हणजे ना घाई ना आराम. म्हातारा हललेला नव्हता. म्हाताऱ्यानं मला तराजूसारखं बसवलं होतं.

एकदा मी सरळ विचारलं, मीच का? मी अडाणी, सातवीतून शाळा सोडलेली, मला यातलं काय कळतं?

ते म्हणाले, "तिकीट काढून आलेला माणूस हसायचं ठरवूनच येतो. त्याला हसवणं सोपं. तुला काम संपवून घरी जायचंय. तुला थांबवलं तर खरं."

पण कळलं आणि माझा हात बिघडला. पोछा मारताना डोक्यात सारखं: थांबू का, नको थांबू? त्याच सुमारास एक कबुतरवाला आला. साठीचा, कोट कोपरावर फाटका. पिंजऱ्यात दोन पांढरी कबुतरं. आत जायच्या आधी बोळात मला म्हणाला, "आज नाही झालं तर कबुतरं विकून टाकतो. बायको होती तोवर ती मागून द्यायची. आता एकट्यानं हात पुरत नाहीत." स्टेजवर गेला. एक कबुतर आलं, दुसरं बाहीत अडकलं. तो बाही झटकतोय, कबुतर आत फडफडतंय. माझ्या आत काही हललं नाही, खरं सांगतो. कीव आली फक्त. आणि मी पोछा थांबवला.

मेनीरनी पेनाला टोपण लावलं. लावायच्या आधी जरा जास्त वेळ माझ्याकडे बघितलं, एवढंच. म्हणाले, "शनिवारी जेवून ये."

आता त्या थिएटरातल्या खुर्च्यांचं सांगायला पाहिजे. त्या करकरतात. मी एकदा तेलाची बाटली घेऊन गेलो तर मेनीरनी ती हिसकावून घेतली. खुर्ची करकरली पाहिजे. माणसाचं मन उडालं की तो बूड हलवतो, बूड हललं की खुर्ची बोलते. शनिवारी कबुतरवाला आला आणि तिसऱ्या मिनिटाला खुर्च्या सुरू झाल्या. आधी एक, मग पाच, मग सगळं थिएटर, बैलगाडी चालल्यासारखं. कोणी ओरडलं नाही, कोणी शिव्या दिल्या नाहीत. नुसती करकर. त्यानं ती ऐकली. बाहीतलं कबुतर तसंच ठेवून वाकून नमस्कार केला. मी मागं दाराशी होतो, बाहेर पळायला निघालो, तर मेनीरनी माझा दंड धरला. म्हणाले, "थांब. ऐक." शेवटपर्यंत ऐकायला लावलं.

मॅनेजरबाईंनी नंतर मेनीरना आत बोलावलं. दार उघडंच होतं. बाई म्हणाल्या, याला कसं काय घेतलंत? मेनीर म्हणाले, "चूक माझी." माझं नाव नाही घेतलं. दुसरा कोणी असता तर घेतलं असतं. मी त्यांच्या जागी असतो तर मी पण घेतलं असतं.

मंगळवारी बादली भरताना माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. कोपर पाण्यात घातलं. म्हणाले, "दया आली तर चहा पाज. पोछा थांबवू नको."

त्या दिवसापासून माझा हात परत सरळ झाला. बरोबर की चूक याचा विचार मी सोडून दिला. पुसायचं म्हणजे पुसायचं. थांबला तर थांबला.

हिचं आणि मेनीरचं एक वेगळंच होतं. ही त्यांना भावजी म्हणायची आणि तोंडावर मराठीत बोलायची. ते डचमध्ये उत्तर द्यायचे. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता आणि दोघं अर्धा अर्धा तास बोलत बसायचे. ही त्यांना शेंगदाण्याची चटणी द्यायची, बरणी भरून. ते ती पावाला लोणी लावून वर घालून खायचे, डोळ्यातून पाणी यायचं, नाक पुसायचे आणि परत खायचे. बरणी धुऊन परत यायची, आणि रिकामी कधी नाही. त्यात ट्यूलिपचा एक कांदा, नाही तर चार बटणं, नाही तर लाल धाग्याची रिळं. ही म्हणायची, "बघा, एकट्या राहणाऱ्या माणसाला रिकामं भांडं परत देऊ नये हे कळतं, तुम्हाला कळत नाही."

ही गेली त्याला आता दोन वर्षं होतील. दवाखान्यात नऊ दिवस. त्यावर मला लिहिता येत नाही, तेव्हा लिहीत नाही.

चौदाव्या दिवशी मंगळवार होता. पेन्शन लागून मला पाच वर्षं झाली होती, पण मंगळवारी मी फुकट जायचोच. मेनीर पण फुकटच यायचे. पोरगी म्हणाली, बाबा, ते गाव सोडा, माझ्याकडे झुइडओस्टला येऊन राहा, मेट्रो दारात आहे. मी म्हणालो, मंगळवारचं काय?

गेलो. पाणी कोमट. पोछा चालू. त्या दिवशी पाच जण आले, पाचांना ट्राम. पुढच्या मंगळवारी चौघांना ट्राम. त्याच्या पुढच्या मंगळवारी दोन भाऊ आले होते, एकाच्या डोक्यावर दुसरा डोकं टेकवून उलटा उभा राहायचा आणि तसेच दोघं पायऱ्या चढायचे. आता आठवलं तर कळतं, जबरदस्त होतं ते. माझा पोछा चालूच. मला काही दिसतच नव्हतं. फरशी दिसायची, फरशीवरचं पाणी दिसायचं. मेनीर त्या भावांना म्हणाले, "अकरा नंबर, चार मिनिटं." धाकट्याला खरंच वाटेना. पुढं ते भाऊ दुसऱ्या थिएटरात गाजले. पोस्टर लागलं होतं ट्रामच्या थांब्यावर.

अकरा मंगळवार असे गेले. एकही "जेवून ये" नाही. शनिवारी तेच ते जुने खेळ, लोक कमी व्हायला लागले. मॅनेजरबाईंनी छापील फॉर्म आणले. कौशल्य दहापैकी, वेशभूषा दहापैकी, असं काय काय. म्हणाल्या, यापुढं लोक व्हिडिओ पाठवतील, तिघं जण बसून मार्क देतील. तुम्हाला या महिन्याअखेरपर्यंत वेळ देते. मेनीरनी फॉर्म घेतला, चार घड्या घातल्या आणि स्टुलाच्या लंगड्या पायाखाली सरकवला. बसून बघितलं. "आता बरं झालं," म्हणाले.

पण मला भीती वाटली. हे मंगळवार गेले तर त्या माणसाकडे काही उरत नव्हतं. बायको नाही, पोर नाही, एक भाची, ती लांब. आणि ते माझ्यामुळं चाललं होतं. मी म्हणालो, "मेनीर, दुसऱ्या कोणाला पुसायला घ्या. माझा हात मेला."

"दुसरा कोण?"

"कोणी पण. नाही तर स्वतः वळून बघा. तुम्हाला डोळे आहेत ना?"

"मला सगळंच आवडतं," ते म्हणाले. "मी बघितलं तर सगळ्यांना घेईन. म्हणून तर पाठ करतो."

तीस वर्षांनी हे सांगितलं. मला वाटायचं, या माणसाला काहीच आवडत नाही.

त्या आठवड्यात ते माझ्या घरी आले. पहिल्यांदा आणि शेवटचे. हिची चटणीची बरणी परत द्यायला. आत लिंबाच्या गोळ्या होत्या. मी चहा केला. समोरच्या खुर्चीवर धुतलेल्या चादरींचा गोळा पडला होता, दोन आठवड्यांचा. मोठ्या पलंगाच्या चादरी. त्यांनी गोळ्याकडे बघितलं, चहा प्यायले, गेले.

नंतरच्या मंगळवारी तिघं जण होते. तिसरा पन्नाशीचा, टकला, साधा शर्ट. हातात काहीच नाही, फक्त एक चादर. पांढरी, मोठी. स्टेजवर आला आणि चादरीची घडी घालायला लागला. एकटाच. दोन टोकं धरली, तर दुसरी दोन लोळतायत. पळत त्या टोकाला गेला, तर हे सुटलं. हे टोक दातात धरलं, ते पायाच्या बोटात. मग हळूच चोरून इकडं तिकडं बघितलं, आणि एक टोक हवेत धरून असं उभं केलं की समोर कोणी तरी आहे. त्या कोणाला तरी म्हणाला, धर. सोडलं. पडलं. त्यानं त्या जागेकडे असं बघितलं, जसं काही तिचीच चूक आहे.

मी हसलो. मोठ्यानं. रिकाम्या थिएटरात माझा आवाज मलाच परका वाटला. पोछा कधी हातातून सुटला आणि दांडा खुर्चीवर आपटला, कळलं नाही. हसता हसता मी खाली वाटेतच बसलो, ओल्या फरशीवर, आणि मग ते हसणं राहिलं नाही, दुसरंच काही तरी झालं. तो टकला घाबरून थांबला. मेनीर त्याला म्हणाले, "तू चालू ठेव." पेनाला टोपण लावलं. आणि शेवटाला म्हणाले, "शनिवारी जेवून ये."

शनिवारी एकही खुर्ची वाजली नाही. पुढच्या मंगळवारी चौघांतले दोघं पास. बाईंचे फॉर्म कपाटात गेले.

पण मला त्या टकल्यानं एक सांगितलं. तो लांब उत्तरेला, ग्रोनिंगनच्या बाजारात, उघड्यावर हे करायचा. कुठं अर्ज वगैरे केलेला नव्हता. एक म्हातारा ट्रेननं आला, थंडीत उभा राहिला, त्याच्याकडे पाठ करून, आणि संपल्यावर जायचं यायचं तिकीट हातात ठेवून गेला.

मी मेनीरना गाठलं. "मला सांगता दया करू नको, आणि स्वतः?"

ते शब्दकोड्यातून वर न बघता म्हणाले, "मी चहा पाजला. थांबला तो तुझा पोछा."

त्यानंतर दीड वर्ष मिळालं. बरं गेलं. सोमवारी स्टेज पुसायला जायचं आणि बादली दोघांनी मिळून न्यायची, हे तेव्हापासून.

त्या सोमवारनंतर मंगळवारी सकाळी सात वाजता मेनीरच्या भाचीचा फोन आला. झोपेतच गेले, म्हणाली. मी दाढी केली आणि थिएटरला गेलो. मॅनेजरबाई आधीच आल्या होत्या, सहा जणांना फोन करून येऊ नका सांगत होत्या. डोळे लाल होते त्यांचे. पण चार खेळांची माणसं निघालेली होती, वाटेतच. बाई म्हणाल्या, "आल्यावर सांगते त्यांना. यापुढं व्हिडिओच बघावे लागतील. तुम्ही घरी जा."

मी म्हणालो, "येऊ देत. आजचा दिवस."

"बघणार कोण?"

मी नळाकडे गेलो. बादली भरली. कोपर घालून बघितलं, जरा कढत होतं, थोडं गार ओतलं. आणि पोछा बाईंच्या हातात दिला.

"मी?"

"माझा गुडघा दुखतोय. मधली वाट राहिली आहे. दोन्ही हातांनी धरा, बाई. असं नाही. झाडू नाही तो."

त्यांनी कोट काढून ठेवला. मी स्टुलावर जाऊन बसलो, स्टेजकडे पाठ करून. स्टुलाच्या पायाखाली तो फॉर्म अजून होता. मागच्या आठवड्याचं कोडं खिडकीत पडलं होतं, अर्धं सुटलेलं, ते मांडीवर घेतलं, शेजारचं पेन हातात. मला डच वाचता येत नाही धड. आणि समोर बघितलं. रिकाम्या खुर्च्या, मधली वाट, वाटेत एक माणूस, एक बादली. तीस वर्षं त्यांनी एवढंच बघितलं. म्हणजे मलाच.

पहिला आला, बाई पुसत होत्या. वाईट पुसत होत्या, सगळीकडे तळी. त्याला मी नऊ नंबर सांगितला. दुसऱ्याला अकरा. तिसरीला परत नऊ. प्रत्येक वेळी बाई माझ्याकडे बघायच्या, हा माणूस वळून बघत का नाही म्हणून. मी कोड्यात मान घालायचो.

चौथ्या दोन बायका होत्या, वयस्कर, पायांच्या आवाजावरून जड. त्या वर काय करत होत्या, मला आजही माहीत नाही. कपबश्या किणकिणल्यासारखा बारीक आवाज येत होता, मध्येच एकदम शांत, परत किणकिण. बाईंचा पोछा दोनदा पुढं गेला, एकदा मागं आला. खिशात त्यांचा फोन वाजला. त्या फोन कधी सोडत नाहीत, सगळं थिएटर हसतं त्यांना त्यावरून. फोन वाजत राहिला, वाजत राहिला, बंद पडला. पोछा हातात तिरका धरलेला, पाणी त्यांच्या बुटावर ठिबकत होतं.

मी पेनाला टोपण लावलं. मागं वळून बघितलं नाही. म्हणालो, "शनिवारी जेवून या."